वन्संची लाल इटालियन

आमच्या वन्सं चष्म्याचा नंबर काढायला म्हणून गेल्या आणि मोटारसायकल पसंत करून आल्या. चष्मा राहिलाच.

मी स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसले होते. त्या आल्या, पिशवी खुंटीला लावली, माझ्यासमोर बसल्या आणि दोन शेंगा उचलून नुसत्याच हातात फिरवत राहिल्या. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी शिजतंय, आणि ते गॅसवर नाही.

"वहिनी, लाल आहे," त्या म्हणाल्या.

"काय लाल?"

"मोटारसायकल. इटालियन. जुनी आहे. इंजिन खराब आहे."

आता बघा, स्थळाची माहिती सांगताना जी गोष्ट लोक अगदी शेवटी, दारात चपला घालता घालता हळूच सांगतात, ती या बाईनं पहिल्या दमात सांगून टाकली. पण वन्संचा स्वभावच तो.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद, यांची पाठची बहीण. साठी उलटलेली. सगळी नोकरी वीज खात्यात गेली, घरोघर फिरून मीटर वाचायची. गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नाही; मीटरबाई म्हटलं की शाळेतली पोरंही घर दाखवतात. कुणाच्या जिन्याखाली काय अडगळ आहे, कुणाचं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुणाचं न भुंकता चावतं, सगळं त्यांना तोंडपाठ. आकडा वाचला की त्या नुसता लिहून घेऊन चालू लागत नसत. घरातल्या माणसाला बोलावून मोठ्यानं वाचायच्या, दोनदा, आणि म्हणायच्या, "बघून घ्या." बिल आल्यावर भांडायला कुणी आलंच तर त्या शांतपणे विचारायच्या, "तुम्ही बघून घेतलं होतंत ना?" माणूस आल्या पावली परत.

गाडी चालवायला त्या नोकरीतच शिकल्या. गावाबाहेरच्या वस्त्यांना खात्याची मोटारसायकल लागायची आणि तिच्यावर बाई बसेल असं खात्याच्या स्वप्नातही नव्हतं. एकदा त्या वाटेवरचा वाचक पाय मोडून घरी बसला. साहेब म्हणाले, बघू कुणाला पाठवायचं ते. साहेब बघत राहिले, वन्संनी किल्ली उचलली. परवानगी मागाहून आली, सहीशिक्क्यासकट. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत ती वाट त्यांचीच होती. निरोपाच्या दिवशी खात्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि गाडी काढून घेतली. घड्याळ त्यांनी अजून खोक्यातून काढलेलं नाही.

बाहेर अशी खमकी बाई, पण घरी? घरात आमच्या सासऱ्यांनी एक नियम घालून ठेवलेला. कुठलीही मोठी गोष्ट रविवारी जेवणाच्या टेबलावर मांडायची आणि बसलेल्यांपैकी एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी बात खलास. सासऱ्यांना वाटायचं, याहून मोठा न्याय नाही. असेलही. पण दर वेळी मागणारं कोण आणि नाही म्हणणारं कोण, हे कुणी बघितलं नाही. वन्संना एकदा समुद्राकाठच्या गावी बदली मिळत होती, बढतीसकट. सासूबाई म्हणाल्या, "नाही. तिथं दमट असतं." झालं, दमटपणावर एका बाईचं आयुष्य वाळत घातलं. एक माणूसही होता, वजनकाट्यावर कामाला, बायको सोडून गेलेला, पण सरळ. त्याला यांच्या आत्याबाईंचं नाही लागलं. वन्संनी तोंडातून ब्र काढला नाही. त्यांना जे हवं होतं ते सगळं त्या टेबलावरच मेलं. आणि उलट बाजूनं बघाल, तर यांच्या स्कूटरला, माझ्या शिलाई मशीनला, आमच्या मुलाच्या परगावच्या शिक्षणाला, कशाकशाला त्या बाईनं कधी नाही म्हटलं नाही.

म्हणून त्या शेंगा फिरवत बसल्या होत्या. मोटारसायकल हवी होती, आणि हवी म्हणायचं तर ते टेबल मध्ये होतं.

"चला, दाखवा मला," मी म्हटलं.

चष्मेवाल्याचं दुकान म्हणजे पुढे आरसे, मागे एक लांबट खोली. उंच माणूस, बोलणं हळू, गुडघ्यांना पट्टे. खोलीत चादरीखाली ती उभी होती. चादर काढली, आणि खरं सांगते, मला वाहनांतलं काही कळत नाही, पण ते लाल काही औरच होतं. पिकलेल्या मिरचीसारखं. बघितल्यावर पुढे जायलाच हवं असं वाटायला लावणारं.

"बाई, आधी वाईट ऐका," चष्मेवाला वन्संना म्हणाला. "ते ऐकून लोक जातात. जायचं असेल तर लवकर जावं."

त्यानं एका बशीत थोडं काळं तेल काढलं आणि डोळे तपासायचा छोटा टॉर्च त्यावर धरला. तेलात बारीक बारीक काहीतरी चमचमत होतं, चांदणं सांडल्यासारखं.

"अगंबाई, छान दिसतंय की," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे फार दुःखानं बघितलं. "आजी, हे छान नाही. हे इंजिनाचं हाड झिजून आलंय."

मग त्यानं समजावून सांगितलं. इंजिनाच्या डोक्यात म्हणे छोटे छोटे हात असतात, ते वरखाली होतात आणि झडपा उघडतात. त्या हातांवर मुलामा असतो. या गाडीच्या हातांचा मुलामा टिकत नाही, कपच्या उडतात, त्या तेलात मिसळतात आणि तेल फिरेल तिथे तिथे जाऊन खरवडतात. शिवाय दुसरं दुखणं वेगळंच. इंजिन फार तापलं की गाडी बंद पडते. काही करा, हलत नाही. गार झाली की आपोआप सुरू, जसं काही झालंच नाही.

"आमच्याकडे एक माणूस आहे अगदी असा," मी म्हटलं.

वन्सं खुदकन हसल्या. "दादाला सांगू का?"

"सांगा. तापतील आणि बंद पडतील."

वन्संनी मग कामाचं विचारलं. किती चालेल? तो म्हणाला, उद्या बसेल नाहीतर दोन वर्षं ओढेल, खोटं सांगणार नाही. दुरुस्त होते? होते, पण भाग तिकडून परदेशातून पोस्टानं येतात, आणि येतात तेव्हा येतात.

"मग तुम्हीच का नाही केलीत दुरुस्त?"

"डॉक्टर म्हणाले, गुडघा नाहीतर किक, एक काहीतरी ठेवा." त्यानं चादरीची घडी घातली. "तुम्ही शनिवारपर्यंत काय ते ठरवा. पुलापलीकडे नवं कॉफीचं दुकान निघतंय ना, त्याच्या मालकालाही ही हवीय. भिंतीवर टांगायला."

"टांगायला?"

"इंजिन काढून. हलकी होते. लोक खाली उभे राहून फोटो काढतील."

वन्संनी गाडीच्या टाकीवर हात ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि बराच वेळ काढला नाही.

रविवारी टेबलाला आम्ही सगळे होतो. आमचे हे, आमचा मुलगा, सूनबाई, मी. जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा वन्सं उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं पाणी आणायला उठल्या. त्यांनी खिशातून, चष्मेवाल्याकडून आणलेली, त्या काळ्या तेलाची छोटी बाटली काढली आणि मिठाच्या शेजारी ठेवली.

"मी एक जुनी मोटारसायकल घेतेय. इंजिनाच्या डोक्यातला मुलामा सुटतोय. तेलात कपच्या येतायत. तापली की बंद पडते." मग तेच सगळं पुन्हा एकदा, त्याच आवाजात, शब्दाला शब्द. "बघून घ्या."

बाटली हातोहात फिरली. सूनबाईनं ती उजेडाला धरली आणि म्हणाली, "आत्या, मला मागे बसवाल?"

मुलगा विमा कचेरीत आहे, त्याला दुसऱ्याच्या अपघातांवर पगार मिळतो, त्यामुळे त्यानं आधी फोन काढला. बोटानं वरखाली करत म्हणाला, "आत्या, हा ठरलेलाच रोग आहे या गाडीचा. जो तो हेच लिहितोय. एकानं लिहिलंय, शत्रूलाही घेऊ देऊ नका."

"आणखी कुणी काय लिहिलंय?"

त्यानं बोट आणखी खाली सरकवलं. "एकानं लिहिलंय, मी तिसऱ्यांदा घेतोय."

"बघ," वन्सं म्हणाल्या.

"हेल्मेट चांगल्यातलं घेणार असशील तर माझी हरकत नाही," मुलगा म्हणाला.

आता राहिले हे. यांनी बाटलीला हात लावला नव्हता. घास चावून गिळला, पाणी प्यायले, तोंड पुसलं.

"या वयात?" हे म्हणाले.

"माझं काय विचारतोस, गाडीचं विचार."

"तिचंही वय झालंय."

"म्हणूनच पटेल आमचं."

"लोक काय म्हणतील?"

"दादा, लोक जन्मभर म्हणत आले, मीटरबाई आली, कुत्रं बांधा. आणखी काय म्हणणारेत?"

हे वाईट माणूस नव्हेत. घाबरतात. बहीण रस्त्यात पडली तर, हाडं मोडली तर, रात्रीअपरात्री फोन आला तर. घाबरलेला माणूस विनवत नाही, मोठ्यानं बोलतो. यांनी टेबलावर बोट आपटलं आणि म्हणाले, "नाही."

आमच्या घरात त्या शब्दानंतर सगळे ताटात बघतात. सवयच झालीय. मीही बघितलं. भाजीत मीठ कमी होतं ते तेव्हा लक्षात आलं. वन्संनी बाटलीचं झाकण घट्ट केलं, बाटली खिशात टाकली आणि मी मनात म्हटलं, संपलं, हेही टेबलावरच मेलं.

"ऐकलं," वन्सं म्हणाल्या. "मी शनिवारी जाऊन आणते."

"म्हणजे? मी नाही म्हटलं ना?"

"म्हटलंस की. सगळ्यांनी ऐकलं. पण मी विचारलं कुठे होतं, दादा? मी सांगत होते."

यांचा चेहरा मिरचीच्या रंगाचा झाला. "मग ती गाडी या घरात उभी राहणार नाही! फाटकाच्या आत येऊ देणार नाही मी!"

मला बोलायचं नव्हतं. जन्मभर बहीणभावांच्या मध्ये न बोलण्याचंच शहाणपण कमावलं. पण तोंडातून निघून गेलं, "जिन्याखालची जागा माझी आहे."

"तिथं तुझी पिंपं आहेत."

"पिंपं हलतात."

हे माझ्याकडे असे बघत राहिले की जणू पिंपच बोललं.

एवढं बोलून आल्या खऱ्या, पण शुक्रवारी वन्संचं अवसान गळालं. भांडी विसळताना एकच पातेलं पुन्हा पुन्हा धूत होत्या.

"वहिनी, इंजिन खरंच बसलं तर? भाग आलेच नाहीत तर? दादा जन्मभर ऐकवेल."

"ऐकवतील."

"मी मूर्खपणा करतेय का?"

"करताय की."

"मग अडवत का नाही?"

"तुम्हाला अडवायला या घरात माणसांची कधी वाण पडली होती का, म्हणून मीही लागू रांगेत? ठेवा ते पातेलं, त्याची कल्हई जाईल."

त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाल्या, "बदलीचं पत्र आलं ना, तेव्हा त्या गावाचा नकाशा मी पाठ केला होता. कचेरीपासून समुद्रापर्यंतचा रस्ता. अजून येतो." आणि पातेलं पालथं घातलं.

शनिवारी मी बरोबर गेले. कॉफीवाला आमच्या आधी हजर. गुळगुळीत माणूस, हातात टेप, गाडीची लांबी मोजत होता. आम्हाला बघून चष्मेवाल्याला म्हणाला, "या बाई देतायत त्याहून मी जास्त देईन. लगेच. उद्घाटन आहे माझं."

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणूस पैशाचा विचार करत होता, ते दिसत होतं, आणि मी त्याला दोष देत नाही. गुडघ्यांची ऑपरेशनं काय फुकट होतात? वन्सं गाडीशेजारी उभ्या होत्या, सरळ, एखाद्याच्या फाटकाशी कुत्रं बांधायची वाट बघत उभं राहावं तशा.

"हिच्या इंजिनाला काय झालंय?" चष्मेवाल्यानं कॉफीवाल्याला विचारलं.

"मला काय करायचंय इंजिन? काढूनच टाकणार."

"बाई, तुम्ही सांगा."

"मुलामा सुटतोय," वन्सं म्हणाल्या. "तापली की थांबते. आणि परवा तुम्ही सांगितलं नाहीत, पण डाव्या बाजूनं थोडं तेलही गळतंय. चादरीवर डाग आहे."

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. "राहिलं सांगायचं," तो म्हणाला. मग कॉफीवाल्याकडे वळला. "यांना तिचे रोग पाठ आहेत. तुम्हाला तिची लांबी." आणि किल्ली वन्संच्या हातावर ठेवली.

कॉफीवाल्यानं टेप असा सर्रकन मिटला की मी दचकले.

मी बसनं घरी आले आणि फाटकात उभी राहिले. बाजाराच्या बाजूनं गाडीचा आवाज आधी ऐकू आला, जाडजूड, घशातून निघाल्यासारखा. मग चढाखाली एकदम शांतता. मी समजले. थोड्या वेळानं चढाच्या टोकाला आधी हेल्मेट दिसलं, मग लाल टाकी. वन्सं गाडी ढकलत येत होत्या. घामानं ओल्याचिंब.

अख्खी गल्ली दारात आली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"बंद पडली वाटतं?" समोरच्या काकूंनी विचारलं, आवाजात साखर.

"हो. पडणारच होती. सांगून पडली."

इस्त्रीवाला धावत गेला. "बाई, धक्का मारू?"

"नको. ओळख होतेय आमची."

हे वर गॅलरीत. कठडा दोन्ही हातांनी धरलेला. गाडी फाटकाशी आली तशी यांनी खाली वाकून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "सांगितलं होतं मी!"

वन्सं थांबल्या. गाडी अंगावर तोलून धरली, हेल्मेटची काच वर केली.

"तू नाही, दादा. मी सांगितलं होतं. दोनदा. तू नुसतं नाही म्हणालास."

मी फाटक उघडलं. पिंपं सकाळीच गच्चीत गेली होती.

पुढचे महिने आमच्या जिन्याखाली दवाखाना होता. मेकॅनिक यायचा, बुटका, सतत पुटपुटणारा. इंजिनाचं डोकं उघडलं तेव्हा त्यानं वन्संना बोलावून दाखवलं, ते छोटे हात, घुशीनं कुरतडल्यासारखे. भाग मागवले. ते आले तेव्हा आले; एकदा तर चुकीचे आले, परत गेले. वन्संच्या नखांतला काळेपणा साबणाला दाद देईना. येता जाता हे गाडीकडे न बघता जायचे. पण जिना असा अरुंद, की न बघता जायचं तर तिरकं चालावं लागे. रोज तिरके चालायचे. कंबर धरली, तरी बघितलं नाही.

आणि मग एका रविवारी यांनी टेबलावर विषय मांडला. चांगली तयारी केलेली दिसत होती. म्हणाले, कॉफीवाल्याची भिंत अजून रिकामी आहे, मी स्वतः जाऊन विचारून आलो, तो आजही घ्यायला तयार आहे. गाडी पडून आहे, जागा अडते, तेलाचा वास येतो. विकून टाकू. मुलगा पोळी मोडत होता. सूनबाई भाजीतली मिरची बाजूला काढत होती. मी वाढत होते.

"नाही," वन्सं म्हणाल्या.

नुसतं तेवढंच. सासऱ्यांच्या वेळेपासून त्या टेबलावर त्यांचं पहिलं. मोठ्यानंही नव्हे, मीठ दे म्हणावं इतकं सहज.

हे उसळले. "तू नाही म्हणतेस? नियम तूच मोडलास! आता नियमानं बोलतेस?"

"मी मोडला. तू अजून पाळतोस ना? पाळतोस म्हणून तर इथं मांडलंस, नाहीतर परस्पर विकली असतीस. मग पाळ. एकाचं नाही, म्हणजे नाही."

मुलाला ठसका लागला. सूनबाईनं त्याची पाठ थोपटली, पण तिचेच खांदे हलत होते. हे खुर्ची सरकवून उठले, दारापर्यंत गेले. मग ताट वाढलेलं तसंच होतं आणि भूक लागली होती, म्हणून परत येऊन बसले. भात मागितला. मी वाढला. वन्संनी आमटीचं भांडं यांच्याकडे सरकवलं. पुन्हा त्या गाडीचा विषय टेबलावर आला नाही.

गाडीला नवे हात बसले. तेल आता स्वच्छ निघतं. मेकॅनिक बशीत काढून मलाही दाखवतो, मी आता त्याला छान म्हणत नाही, बरं म्हणते. तापून बंद पडायचं दुखणं मात्र गेलं नाही. सगळं तपासून झालं, तारा बदलून झाल्या. मेकॅनिकनं हात टेकले. वन्सं म्हणाल्या, राहू दे, तेवढं तिचं तिच्यापाशी.

सुटीच्या दिवशी सकाळी निघतात. कधी सूनबाई मागे असते, बहुतेक एकट्याच. कुठे जाणार ते सांगत नाहीत, कारण त्यांनाही ठाऊक नसतं. मागच्या खेपेला दुपार कलली तरी परतल्या नव्हत्या. हे फोनच्या आसपास उगाच रेंगाळत होते, पुस्तकं सरळ करत होते, सरळ केलेली पुन्हा वाकडी करत होते. फोन वाजला आणि माझ्या आधी यांनी उचलला.

"बंद पडली?" हे ओरडले.

तिकडचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. वन्सं फोनवरही मीटर वाचतात. "हो. तापली."

"आहेस कुठे?"

"माहीत नाही. डाव्या हाताला मोठं पाणी आहे. वारा आहे छान."

यांनी माझ्याकडे पाठ केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "स्कूटर घेऊन येऊ का न्यायला?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "बसलेय ना मी. गार होऊ दे तिला."